शाळांतर-मीमांसा

मुलाला एका शाळेतून काढून दुसऱ्या शाळेत घालणे या क्रियेला प्रस्तुत विवेचनापुरते ‘शाळांतर’ म्हणता येईल; परंतु नाशिकसारख्या शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबांचे थोडेफार निरीक्षण केले तरी ध्यानात येते की शाळांतर आणि शाळांतराचा विचार या दोन सर्वस्वी भिन्न घटना असून, पहिली क्वचित घडते आणि दुसरी दरवर्षी न चुकता घडते. पहिलीला एक अर्ज आणि एक दिवस पुरतो, तर दुसरीला दिवाळी ते जून असा सात महिन्यांचा अवधी, दोन्हीकडच्या आज्या, पुण्याचा एक मामा आणि कोरा कागद लागतो. पहिलीविषयी शासनाने पुरेसे लिहून ठेवलेले असल्यामुळे येथे मुख्यतः दुसरीचाच विचार कर्तव्य आहे.

या विषयाला इतिहास आहे. पूर्वी शाळा बदलण्यासाठी डोके चालवावे लागत नसे, कारण कारणच दारात येऊन उभे राहत असे: गावातली शाळा चौथीला किंवा सातवीला संपे, वडिलांची बदली होई, घरातले पैसे संपत, नाहीतर गावात साथ येई. साने गुरुजी दापोली, औंध आणि पुणे अशा तीन ठिकाणी शिकले, ते काही तिन्ही शाळांची माहितीपुस्तके चाळून नव्हे. आधी गरिबीने आणि मग औंधातल्या प्लेगने त्यांना हलवले. पुढे मुलाच्या जडणघडणीवरचे मराठीतले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक, म्हणजे ‘श्यामची आई’, त्यांनी १९३३ साली लिहिले तेही नाशिकच्या तुरुंगात, म्हणजे ज्या संस्थेत प्रवेशासाठी कोणाची ओळख काढावी लागत नाही अशा ठिकाणी. वि. वा. शिरवाडकर, अर्थात कुसुमाग्रज, यांचे प्राथमिक शिक्षण पिंपळगावी झाले आणि माध्यमिक शिक्षणासाठी ते नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, म्हणजे आजच्या रुंगटा हायस्कूलमध्ये आले. मात्र त्यासाठी पिंपळगावात कुटुंबाच्या बैठका झाल्याचे कोणत्याही चरित्रकाराने नोंदवलेले नाही. १९१४ साली नाशिकात मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था आणि उदोजी मराठा बोर्डिंग हे वसतिगृह उभे राहिले, त्यामागेही खेड्यातल्या मुलाला शहरातल्या शाळेपर्यंत पोचता यावे आणि पोचल्यावर दोन वेळा जेवता यावे एवढाच हिशेब होता. त्या काळच्या पालकांपुढचा प्रश्न ‘शाळा मिळेल का’ असा होता. आजच्या पालकांपुढचा प्रश्न ‘हीच शाळा का’ असा आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे तो अधिक काळ टिकतो.

आजच्या शाळांतराचे जाहीर कारण बहुधा ‘वातावरण’ हे असते. ही संज्ञा व्यापक असून तीत शिक्षिकांचे इंग्रजी, स्वच्छतागृहाची अवस्था, वर्गातल्या इतर मुलांच्या वडिलांची वाहने आणि मुलाने नुकतीच घरी आणलेली एखादी ताजी शिवी या सर्वांचा समावेश होतो. वातावरण बिघडल्याचे पहिले लक्षण प्रथम सत्राच्या निकालात दिसते. गणितात पायऱ्या न लिहिल्याबद्दल कापलेले दोन गुण आई उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून दाखवते, वडील मोबाईलमधून मान वर न काढता “मग शाळाच बदलू की” असे म्हणतात, आणि हे वाक्य केवळ विषय संपवण्यासाठी उच्चारले गेले असले तरी त्याच क्षणी विषय सुरू होतो. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात आपला मुलगा कोळीनृत्याच्या तिसऱ्या रांगेत उभा आहे आणि शेजारच्यांची मुलगी तिच्या शाळेत इंग्रजीतून सूत्रसंचालन करते आहे, हे कळल्यावर विचाराला बळकटी येते. मार्चमध्ये फीवाढीचे पत्र येते तेव्हा विचार निर्णयाच्या उंबरठ्यावर पोचतो, आणि नव्या शाळेची फी कळल्यावर तो उंबरठ्यावरच बसून राहतो.

या टप्प्यावर तक्ता तयार होतो. दिवस लग्नसराईचे असल्याने तो बहुधा एखाद्या जाड लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर काढलेला असतो. मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘आहे ती’ आणि उजवीकडे ‘नवी’. डाव्या बाजूला ‘जवळ’, ‘फी कमी’, ‘सगळे ओळखीचे’ अशा नोंदी येतात, तर उजव्या बाजूला ‘स्विमिंग पूल’, ‘एक्स्पोजर’ आणि दोनदा अधोरेखित केलेला ‘बेस’. एक्स्पोजर म्हणजे मुलाला नेमके कशासमोर नेऊन उभे करायचे, याचा खुलासा कोणी करत नाही. बेस मात्र ‘पक्का’ असावा लागतो याविषयी एकमत असते, आणि तो कोणत्या इयत्तेपर्यंत पक्का करता येतो याविषयी दोन मते असतात. ज्यांची मुले मोठी झाली आहेत ते नेहमी “पाचवीतच बदलायला हवी होती” असे सांगतात. हे ते पाचवीतल्या मुलाच्या पालकांना सांगत नाहीत, सातवीतल्या मुलाच्या पालकांनाच सांगतात.

तक्त्यातील सर्वांत अवघड रकाना ‘बोर्ड’ हा होय. बोर्ड म्हणजे अभ्यासक्रम ठरवणारे आणि दहावीची परीक्षा घेणारे मंडळ. राज्य मंडळाचे मुख्यालय पुण्यात असून त्याचे एक विभागीय मंडळ खुद्द नाशकात आहे, आणि त्याची पाठ्यपुस्तके १९६७ साली स्थापन झालेली पुण्याचीच ‘बालभारती’ काढते. सीबीएसई आणि आयसीएसई या परीक्षांची मंडळे दिल्लीत बसतात. आयजीसीएसई ही परीक्षा केंब्रिजहून येते, तर आयबी या नावाने ओळखला जाणारा अभ्यासक्रम चालवणारी संस्था १९६८ साली जिनिव्हात स्थापन झाली. या माहितीवरून एक नियम सहज मांडता येतो, तो असा की मंडळाचे कार्यालय घरापासून जितके दूर तितकी त्याची प्रतिष्ठा आणि फी अधिक, आणि ज्या मंडळाच्या कार्यालयात रिक्षाने जाता येते त्याचा बेस कच्चाच असणार. हा नियम शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आढळत नसला तरी पालक त्यावर निःशंकपणे लाखो रुपये लावतात. मंडळांमधला झगडा केवळ घरगुतीही नाही: २००९ साली अकरावीच्या नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी राखण्याचा निर्णय शासनाने घेतला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. दरम्यान, मराठीच्या तासापासून सुटका व्हावी म्हणून मंडळ बदलणाऱ्यांची २०२० च्या अधिनियमाने पंचाईत केली, कारण त्यान्वये राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. आणि २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने राज्य मंडळाच्या शाळांतही सीबीएसईचा नमुना टप्प्याटप्प्याने आणण्याचे जाहीर केले, तेव्हा ज्यांनी कर्ज काढून मुलाला सीबीएसईकडे नेले होते त्यांना सीबीएसईच पायी चालत आपल्या जुन्या शाळेकडे निघाल्याचे पाहावे लागले.

बोर्डाखालोखाल महत्त्वाचा घटक भूगोल हा आहे. शिक्षणहक्क कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरवले आहे. परंतु ज्या शाळेत चालत जाता येते ती चांगली कशी असेल, ही शंका नियम करणाऱ्यांना आलेली दिसत नाही. पाथर्डी फाट्यावरच्या पालकाला गंगापूर रोडची शाळा हवी असते, गंगापूर रोडच्या पालकाला शहराबाहेरच्या टेकडीलगतची, आणि टेकडीलगत बंगला बांधलेल्या पालकाला मुलाला देवळालीच्या बार्न्ससारख्या निवासी शाळेत ठेवावे की काय असे वाटू लागते. नाशकात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. वाटेत वाहनांच्या कोंडीचा द्वारका चौक लागतो की नाही यावर ते ठरते. त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या कामांनी खोदलेल्या रस्त्यांची भर घातल्यामुळे, अध्यापनपद्धतीची चर्चा सोडून खोदकामाची चर्चा करावी लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे राज्य शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितले, ते मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून. ती झोप आता व्हॅनमध्ये पूर्ण होते.

व्हॅनचा उल्लेख आला आहे तर व्हॅनवाल्या काकांविषयीही लिहिले पाहिजे. मुलांना घरून शाळेत आणि शाळेतून घरी पोचवणारा हा गृहस्थ रोज तीन-चार शाळांच्या फाटकांशी उभा असतो, आणि त्यामुळे तौलनिक शिक्षणशास्त्राचे प्रत्यक्ष ज्ञान शहरात त्याच्याइतके दुसऱ्या कोणाजवळ नसते. कोणत्या शाळेतल्या बाई वर्षाच्या मध्यात सोडून जातात, कोणत्या शाळेचे डबे अर्धे भरलेले परत येतात, कोणत्या शाळेची मुले व्हॅनमध्ये पाय ठेवताच एकमेकांच्या अंगावर पडून दिवसभराचे सांगत सुटतात आणि कोणत्या शाळेची मुले दप्तर मांडीवर घेऊन गप्प बसतात, हे सर्व त्याला ठाऊक असते. पालक मात्र त्याच्याशी फक्त डिझेलच्या दरावर आणि मे महिन्याच्या पैशांवर बोलतात: शाळा बंद असताना व्हॅनचे पैसे का द्यायचे, हा त्यांच्या मते या नात्यातला एकमेव शैक्षणिक प्रश्न असतो.

माहितीची खरी साधने वेगळीच मानली जातात. रविवारी सकाळी मिसळ खायला जमलेल्या दोन कुटुंबांत, रश्शाची दुसरी वाटी येईपर्यंत, शहरातल्या निम्म्या शाळांचा निकाल लागलेला असतो. “तिकडचा क्राऊड चांगला आहे” असे एक जण म्हणतो. क्राऊड म्हणजे इतरांची मुले, आणि आपले मूल हे इतर सर्व पालकांच्या दृष्टीने क्राऊडच असते ही गोष्ट या शास्त्रात विचारात घेत नाहीत. पुण्याचा मामा फोनवर “आमच्याकडे तर तिसरीपासून कोडिंग आहे” एवढेच सांगून दोन आठवड्यांची झोप उडवतो. घरातली आजी मात्र चर्चेत सर्वांत ठोस मुद्दा मांडते: गेल्या जूनमध्ये मेनरोडवरून आणलेला गणवेश ‘वाढत्या अंगाचा’ घेतला होता, पँटच्या पायाला आत चार बोटे कापड दुमडलेले आहे, ते अजून एकदाही उसवलेले नाही, आणि स्वेटर तर कुठे यंदा अंगाला बसायला लागला आहे. हा युक्तिवाद हसण्यावारी नेला जातो, परंतु कागदावरच्या इतर सर्व नोंदी अंदाजाच्या असून मोजपट्टीने पडताळता येईल अशी ही एकमेव नोंद आहे.

यानंतर नव्या शाळेला भेट देण्याचा विधी येतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा असून १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना देणगी घेणे किंवा मुलाची अथवा पालकांची छाननी करणे निषिद्ध आहे, आणि छाननीबद्दल पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत व पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून शाळा मुलाखत घेत नाहीत. त्या ‘इंटरॅक्शन’ ठेवतात, म्हणजे कायद्याला मुलाखत न वाटेल अशा बेताने घेतलेली मुलाखत. वडील इस्त्रीचा शर्ट घालून आणि आई घरून पाठ केलेली तीन इंग्रजी वाक्ये घेऊन गुबगुबीत सोफ्यावर बसतात, मुलगा आदल्या दिवशी शिकवल्याप्रमाणे ‘गुड मॉर्निंग, मॅम’ म्हणतो आणि घड्याळात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. मग घोड्यांचा तबेला दाखवला जातो, वातानुकूलित वर्ग दाखवले जातात, आणि तरणतलाव दुरूनच दाखवला जातो. वर्गात मुले किती, बाई किती वर्षे टिकतात, मूल मागे पडले तर कोण काय करते आणि पाणी कुठे प्यायचे, हे प्रश्न घरून निघताना तोंडात तयार असतात. तबेला पाहिल्यावर ते विचारणे गावंढळपणाचे वाटू लागते.

त्याच कायद्याचे पाचवे कलम तर खास शाळांतरासाठीच लिहिलेले आहे. मुलाला कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर त्याला तसा हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ दिला पाहिजे, दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवता कामा नये, आणि दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, इतके सगळे त्यात स्वच्छ सांगितले आहे. हे वाचून उत्साहित झालेल्या पालकाने पुढची ओळही वाचावी: हा हक्क विनाअनुदानित, म्हणजे शासनाकडून अनुदान न घेणाऱ्या शाळांना, तसेच केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिक शाळा अशा विशेष प्रवर्गातील शाळांना लागू नाही. तात्पर्य, कायद्याने महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांचे दार सताड उघडून दिले आहे, आणि लग्नपत्रिकेच्या उजव्या बाजूला त्यांतल्या एकाही शाळेचे नाव नाही.

त्या दारातून आत डोकावण्याजोगे काही नाही, असेही म्हणता येत नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळी या आदिवासी पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षक केशव गावित यांच्यामुळे, वर्षभर सुटी न घेता चालणारी आणि मुले दोन्ही हातांनी लिहितात अशी शाळा म्हणून राज्यभर गाजली. तिची चित्रफीत नाशिकच्या प्रत्येक पालकाने पाहिलेली आणि पुढे पाठवलेली असते, “याला म्हणतात शाळा” असे उद्गारही काढलेले असतात. परंतु आपल्या चिरंजीवांना एकाच हाताच्या अक्षरासाठी शिकवणी लावलेली असताना ती शाळा आदर्श म्हणून दूरच राहिलेली बरी, असे ठरते. शहरातच आनंद निकेतनसारखी मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा आहे, आणि तिचे नाव निघाले की घरात आदराने क्षणभर शांतता पसरते, मग कोणीतरी “पण पुढे इंग्रजीचं काय?” असे विचारतो आणि चर्चा पुन्हा घोड्यांवर येते.

या सर्व घडामोडींत ज्याचे स्थलांतर व्हायचे त्याचे मत सर्वांत शेवटी, बहुधा जेवताना, विचारले जाते. मुलाची कारणे पालकांच्या कारणांहून लहान, परंतु अधिक नेमकी असतात. त्याला बाकावरचा मित्र सोडायचा नसतो. त्याला शुक्रवारचा तबल्याचा तास हवा असतो. एका बाईंनी त्याच्या वहीत बेडकाचे चित्र काढून दिलेले असते. आणि मधल्या सुटीत कठड्यावरची एक जागा त्याच्या टोळीच्या मालकीची असते, ती दुसऱ्या कोणाला देण्याची त्याची तयारी नसते. “रमलाय तो तिथं,” असे आजी म्हणते, आणि रमणे हा शब्द कागदावर कोणत्याही बाजूला नसल्याचे तेव्हा प्रथम लक्षात येते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. काही घरांत शाळा खरोखरच बदलावी लागते: मुलाला शाळेत मार बसतो, वर्गातली मुले त्याला सतत छळतात, रविवारी संध्याकाळ झाली की त्याच्या पोटात दुखू लागते, अक्षरे त्याला उलटी दिसतात आणि शाळा त्याला आळशी ठरवून मोकळी होते, किंवा घरची मिळकत थांबते आणि फी झेपेनाशी होते. अशा घरांत तक्ता काढत नाहीत. तेथे बोर्ड, तबेला आणि क्राऊड यांची आठवणही कोणाला होत नाही. आई दुसऱ्याच दिवशी जवळच्या, पदरात घेईल त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांपुढे उभी राहते, आणि मुलाचे पोट दुखायचे थांबले की शाळांतर यशस्वी झाले असे समजते. यावरून जो निष्कर्ष निघतो तो पालकांना फारसा आवडणारा नाही: ज्या निर्णयासाठी सात महिने चर्चा करावी लागते, तो घेण्याची मुलाला बहुधा गरज नसते, आणि ज्याची त्याला गरज असते त्यासाठी सात महिने थांबता येत नाही.

उरलेल्या घरांतील निर्णय साधारणतः मे महिन्याच्या अखेरीस होतो आणि त्याचे शब्द ठरलेले असतात: “यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.” जुन्या शाळेची फी भरली जाते, पत्रिका रद्दीत जाते, पँटची दुमडलेली चार बोटे आजी स्वतः उसवते, आणि मुलाच्या मित्रप्रेमाखातर आपण केवढा त्याग केला हे नातेवाइकांना कळवले जाते. क्वचित कोणी खरोखरच शाळा सोडतो, तेव्हा त्याला ‘शाळा सोडल्याचा दाखला’ मिळतो. या कागदावर रजिस्टर क्रमांक, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख अशी माहिती असल्यामुळे तो जातीच्या प्रमाणपत्रापासून पुढे जन्मभर उपयोगी पडतो. त्यातला ‘वर्तणूक’ हा रकाना, विद्यार्थ्याने प्रयोगशाळेची काच फोडलेली असली तरी, ‘चांगली’ या शब्दानेच भरतात, आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना इतका अरुंद असतो की त्यात वातावरण, बेस, बोर्ड आणि पुण्याचा मामा यांपैकी काहीच मावत नाही, म्हणून लिपिक तेथे ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढेच लिहितो.

जूनमध्ये शाळा उघडते, मुलगा उसवलेल्या पँटमध्ये वर्गात जातो आणि ज्या मित्रासाठी शाळांतर रद्द झाले तो मित्र बाकावर नाही असे त्याला आढळते. चौकशी केल्यावर उलगडा होतो की ‘हे लोक आपल्या मुलाला त्या घोड्यांच्या शाळेत हलवणार’ ही बातमी मार्चमध्येच व्हॅनमधून मित्राच्या घरी पोचली होती, मग आपल्यानेच मागे का राहावे असे त्याच्या आईवडिलांना वाटले, आणि त्यांनी तक्ताबिक्ता न काढता आठ दिवसांत फी भरून टाकली. मित्राच्या दाखल्यावरही ‘पालकांच्या विनंतीवरून’ असेच लिहिलेले असते. कोणाच्या पालकांच्या, हे लिहायला तेथे जागा नसते.